सामाजिक विपणन : श्रमिकांमधील व्यायामप्रसार

समाजहिताचे एखादे वर्तन लोकांनी स्वेच्छेने स्वीकारावे, यासाठी व्यापारी विपणनातील तत्त्वे व तंत्रे योजण्याच्या पद्धतीस सामाजिक विपणन म्हणतात. कुटुंबनियोजन, लसीकरण, तंबाखूमुक्ती इ. विषयांप्रमाणेच शारीरिक हालचालींच्या प्रसारासाठीही ही पद्धत वापरली जाते. कारखाने, गिरण्या, गोदी, बांधकामे, वाहतूक इ. ठिकाणी अंगमेहनत करणारा कामगारवर्ग हा या प्रसाराचा एक महत्त्वाचा, परंतु सहजी हाती न लागणारा लक्ष्यगट आहे. जो दिवसभर घाम गाळतो त्याला आणखी व्यायाम कशाला, असा प्रश्न कामगार विचारतो आणि पुष्कळदा त्याचा व्यवस्थापकही विचारतो. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. श्रम आणि व्यायाम यांतील फरक, तसेच कामगाराला व्यायामासाठी प्रत्यक्षात मोजावी लागणारी किंमत या दोहोंचा उलगडा झाल्याशिवाय असा प्रसार यशस्वी होत नाही.

संकल्पनेचा उगम : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. डी. वीब यांनी १९५१-५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात, साबण विकला जातो त्याप्रमाणे बंधुभावासारखी मूल्ये का विकता येत नाहीत, याची चर्चा केली. काही सामाजिक मोहिमांचे परीक्षण करून त्यांनी असे दाखविले की, मोहिमेची परिस्थिती वस्तुविक्रीच्या परिस्थितीशी जितकी जुळते, तितके यश अधिक मिळते. नुसता उपदेश करून ग्राहकाला दुकानाचा पत्ताच न सांगणारी मोहीम निष्फळ ठरते, हा त्यांच्या विवेचनाचा आशय होय. ‘सामाजिक विपणन’ ही संज्ञा फिलिप कोटलर व जेरल्ड झाल्टमन यांनी १९७१ मधील आपल्या निबंधाद्वारे रूढ केली.

ही संज्ञा रूढ होण्यापूर्वीच भारतात या तंत्राचा मोठ्या प्रमाणावरील प्रयोग झाला होता. १९६८ मध्ये केंद्र शासनाने ‘निरोध’ ही संततिप्रतिबंधक वस्तू तीन नगांस १५ पैसे अशा सवलतीच्या दराने बाजारात आणली. चहा, साबण, सिगारेट, विजेऱ्या यांसारख्या वस्तू खेडोपाडी पोहोचविणाऱ्या मोठ्या कंपन्यांची वितरणव्यवस्था त्यासाठी उपयोगात आणण्यात आली. त्यामुळे ही वस्तू दवाखान्याबरोबरच किराणा दुकानात व पानपट्टीवरही मिळू लागली. ग्राहक जेथे जातो तेथे वस्तू नेणे व ती त्याला परवडेल अशी करणे, हे सामाजिक विपणनाचे मूलतत्त्व या प्रयोगात स्पष्ट दिसते.

व्यायामाच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. त्यात विकण्याजोगी वस्तू नसते. जे द्यावयाचे ते वर्तन असते, ते आयुष्यभर पुनःपुन्हा करावे लागते आणि त्याचे फळ उशिरा मिळते. किंमत मात्र रोजच्या रोज व रोखीने द्यावी लागते. ती वेळाच्या, थकव्याच्या आणि कित्येकदा लोकलज्जेच्या रूपात असते.

श्रम आणि व्यायाम : शारीरिक हालचाल व हृदयाचे आरोग्य यांच्या संबंधाचे आधुनिक संशोधन कामगारांच्या अभ्यासातूनच पुढे आले. ब्रिटिश वैद्यक जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरवर्गाची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये परिहृद्‌ रोहिणीचे विकार कमी आढळले. रॅल्फ पॅफनबर्गर यांनी सॅन फ्रॅन्सिस्को येथील गोदी कामगारांच्या दीर्घकालीन अभ्यासावरून १९७५ मध्ये असाच निष्कर्ष मांडला. अधिक जड काम करणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. कष्टकऱ्याला व्यायाम नको, या समजुतीस अशा अभ्यासांनी एक प्रकारे दुजोरा मिळाला.

पुढील संशोधनाने या चित्राची दुसरी बाजू दाखविली. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अत्यंत श्रमाचे काम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका कमी श्रमाचे काम करणाऱ्या पुरुषांहून १८ टक्क्यांनी अधिक आढळला. स्त्रियांमध्ये असा संबंध दिसला नाही. कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक प्रौढांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही फावल्या वेळातील हालचाल हितकारक, तर कामाच्या ठिकाणचे जड श्रम अपायकारक असल्याचे दिसून आले. या विसंगतीस ‘शारीरिक हालचालींचा विरोधाभास’ असे म्हणतात. हा निष्कर्ष सर्वमान्य नाही. जड काम करणाऱ्यांचे उत्पन्न, शिक्षण, आहार, तंबाखूसेवन इ. बाबी भिन्न असतात व त्यांचा प्रभाव आकडेवारीतून पूर्णतः वगळणे कठीण असते. २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात श्रमाचा असा अपाय आढळला नाही.

विरोधाभासाची शरीरशास्त्रीय कारणे मात्र समजण्यासारखी आहेत. व्यायाम थोडा वेळ व पुरेशा जोमाने केला जातो. हृदयाचे ठोके वाढतात आणि नंतर विश्रांती मिळते. कामगाराचे श्रम आठ-दहा तास चालतात. त्यांत वजन उचलणे, वाकून किंवा उभे राहून एकाच स्थितीत काम करणे यांचा भाग मोठा असतो. ओझे उचलताना रक्तदाब चढतो; दिवसभर हे चालू राहिल्यास तो चढलेलाच राहतो. कामाची गती यंत्र ठरविते, कामगार ठरवीत नाही. विश्रांतीची वेळही त्याच्या हाती नसते. ठरावीक स्नायूच झिजतात व इतर दुबळे राहतात. शिवाय यांत्रिकीकरणामुळे ‘कष्टाचे’ म्हणून ओळखले जाणारे कितीतरी काम आज यंत्रापुढे उभे राहून किंवा वाहनात बसून करावयाचे झाले आहे. अशा कामगारास थकवा येतो, परंतु व्यायाम घडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. भारतातील १० मध्यम व मोठ्या उद्योगांतील सु. २० हजार व्यक्तींच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कमी शिक्षण असलेल्या गटात तंबाखूसेवन व उच्च रक्तदाब यांचे प्रमाण अधिक आढळले. हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : महाराष्ट्रात कामगारांच्या व्यायामाचा प्रश्न प्रथम वेळेचा प्रश्न म्हणून उभा राहिला. मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ मध्ये झाली. आरंभीच्या काळात गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत व नियमित साप्ताहिक सुटी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चळवळीनंतर गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य केली. पुरुष कामगारांच्या कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा येण्यास आणखी काळ लागला. १९११ च्या अधिनियमाने कापडगिरण्यांत १२ तासांची, १९२२ मध्ये दिवसाला ११ व आठवड्याला ६० तासांची, तर १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. कामगाराला स्वतःचा असा वेळ मिळाला तो या क्रमाने; त्यानंतरच त्या वेळात काय करावे, हा प्रश्न उद्भवला.

ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालये, करमणुकीचे कार्यक्रम व व्यायामशाळा चालविल्या. याच सुमारास गिरणगावातील चाळींतून कामगारांच्या स्वतःच्या तालमी व व्यायामशाळाही वाढल्या. कोकणातून व घाटावरून आलेला तरुण गावातील आखाड्याची सवय बरोबर घेऊन येई. परक्या शहरात व्यायामशाळा हे ओळखी जुळविण्याचे, नोकरीची बातमी मिळण्याचे आणि शेजारात पत निर्माण होण्याचे ठिकाण असे. तेथे जाण्यापासून मिळणारा लाभ आरोग्यापुरता नव्हता व तो तात्काळ मिळे. सामाजिक विपणनाच्या परिभाषेत ज्याला विनिमय म्हणतात, तो येथे कोणी न योजता सिद्ध झाला होता.

शासकीय पातळीवर मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम, १९५३ अन्वये कल्याण मंडळ स्थापन झाले. तेच पुढे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ म्हणून ओळखले जाऊ लागले. कामगार, मालक व शासन यांच्या वर्गणीतून त्याचा निधी उभा राहतो. कामगारवस्त्यांतील कल्याण केंद्रे, व्यायामशाळा, वाचनालये, शिवणवर्ग, नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा व क्रीडास्पर्धा हे त्याचे प्रमुख उपक्रम होत [⟶ कामगार कल्याण]. व्यायाम एकटा न देता करमणूक, शिक्षण व कुटुंबातील इतरांच्या सोयी यांच्या जोडीने देण्याची ही रचना विशेष लक्षणीय आहे. नाटकाच्या तालमीसाठी आलेला कामगार त्याच आवारातील व्यायामशाळेतही डोकावतो.

खेळांपैकी कबड्डी हा या वर्गाचा खरा खेळ ठरला. त्यास साहित्य लागत नाही. पुरुषांसाठी १३ मी. × १० मी. एवढे मैदान पुरते व वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत सामना संपतो. चाळींमधील मोकळ्या जागेत आणि पाळी सुटल्यानंतरच्या उरलेल्या वेळात बसणारा हा खेळ होता. लालबाग-परळ भागात कबड्डीचे अनेक संघ उदयास आले. व्यावसायिक गटाच्या स्पर्धांमुळे चांगल्या खेळाडूस नोकरीही मिळू लागली. मात्र स्पर्धेच्या मार्गाला एक मर्यादा आहे. सात जण खेळतात आणि सातशे जण पाहतात. चाळिशी ओलांडलेला, गुडघे दुखणारा कामगार या प्रेक्षकांतच राहतो, आणि आरोग्याच्या दृष्टीने नेमकी त्यालाच व्यायामाची अधिक गरज असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. त्यानंतरच्या काळात गिरण्या क्रमाने बंद पडल्या व कामगारवस्ती पांगली. नोकरी, वस्ती व शेजार यांच्या आधारावर उभी राहिलेली व्यायामपरंपराही त्यामुळे क्षीण झाली. कामाची निश्चिती नसलेल्या माणसाच्या जीवनात व्यायाम टिकत नाही, हा या इतिहासाचा धडा आहे. आजचे श्रमिक मोठ्या संख्येने कंत्राटी, हंगामी किंवा स्थलांतरित असल्याने तो अधिकच विचारात घेण्याजोगा आहे.

तंत्र व उपयोजन : सामाजिक विपणनाचा आरंभ लक्ष्यगटाच्या अभ्यासापासून होतो. त्यानंतर ‘वस्तू’ (सुचवावयाचे वर्तन व त्याचा लाभ), ‘किंमत’, ‘स्थान’ व ‘प्रवर्धन’ (प्रचार) या चार अंगांची आखणी केली जाते. ग्रामीण औद्योगिक परिसरात हे तंत्र कसे लागू पडते, ते जालना जिल्ह्यातील तीर्थपुरी (ता. घनसावंगी) या गावाच्या उदाहरणावरून समजू शकते. गोदावरीचे खोरे आणि जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा यांमुळे या भागात ऊस वाढला. तीर्थपुरी येथे साखर कारखाना आहे. जिल्ह्याचे ठिकाण असलेले जालना हे लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असून तेथे परप्रांतांतील कामगारही काम करतात.

बाहेरून पाहणाऱ्यास हे सर्व ‘कामगार’ एकच वाटतात. वस्तुतः त्यांचे किमान चार गट पडतात. बॉयलर, गव्हाण व मिल विभागातील कामगार गाळप हंगामात तीन पाळ्यांत, उष्णता व आवाजात काम करतो. रात्रपाळीमुळे त्याची झोप मोडते. ट्रक व ट्रॅक्टर चालक तासन्‌तास बसून असतो आणि कारखान्याच्या वजनकाट्यापुढील रांगेत त्याचा बराच वेळ जातो. नियंत्रण कक्षातील व पहाऱ्यावरील माणूस पगारपत्रकात श्रमिक असला, तरी त्याची हालचाल अल्प असते. चौथा गट ऊसतोड कामगारांचा. ‘कोयता’ म्हणून गणली जाणारी नवरा-बायकोची जोडी पहाटेच उसाच्या फडात उतरते, ऊस तोडते, मोळ्या बांधते व डोक्यावरून वाहून गाडी भरते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असल्याने एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. स्त्रीला त्याआधी व त्यानंतर पाणी, स्वयंपाक व मुले सांभाळावी लागतात.

या चारही गटांना एकच भित्तिपत्रक दाखविणे निरर्थक आहे. चालकासाठी ‘वस्तू’ म्हणजे रांगेतील वेळात करावयाचे पाऊण-एक तासाचे चालणे आणि पाठीचे साधे व्यायाम. पहारेकऱ्यासाठी ती बसल्या जागी न थांबता दर तासाला घालावयाची फेरी. पाळीतील कामगारासाठी हंगामात विश्रांती व सांधे मोकळे करणारे हलके व्यायाम महत्त्वाचे. नियमित व्यायामाची सुरुवात गाळप संपल्यानंतरच्या महिन्यांत करणे श्रेयस्कर. ऊसतोड जोडीला व्यायामाचा उपदेश करणे अनुचित होय. तिची गरज विश्रांती, पिण्याचे स्वच्छ पाणी, पुरेसा आहार, आजारपणात न कापला जाणारा दिवस व ओझे कमी करणारी साधने ही आहे. या गटाला काय विकू नये, हे कळणे हाही विपणनाच्या अभ्यासाचाच भाग आहे.

‘किंमत’ कमी करण्याचे उपाय बहुधा व्यवस्थापनाच्या हाती असतात. पाळी सुरू होण्यापूर्वीची दहा मिनिटे पगारी वेळेत धरणे, पाळ्यांचे वेळापत्रक आगाऊ जाहीर करणे, आवारात स्नानाची सोय करणे हे त्यांपैकी काही होत. लोकलज्जा हीदेखील किंमतच आहे. शहरी पोशाखात रस्त्याने धावणे ग्रामीण भागातील पन्नाशीच्या माणसाला अवघड वाटते. तोच माणूस एकादशीला पायी देवदर्शनास निःसंकोचपणे जातो. म्हणून नवीन वर्तन परिचित रूपात यावे लागते.

‘स्थान’ निवडताना परिसरातील परंपरेचा उपयोग होतो. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे याच तालुक्यात आहे. रामदासांनी बलोपासनेचा पुरस्कार केला व ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली. महाराष्ट्रातील तालमींत मारुतीची प्रतिमा असते ती याच भावनेतून, आणि गावच्या जत्रेतील कुस्त्या हा आजही मोठ्या आकर्षणाचा विषय आहे. तालमीची ही प्रतिष्ठा प्रौढ कामगारासाठीही उपयोगी पडू शकते. मात्र तेथे त्याला तरुण मल्लाशी स्पर्धा करावी लागू नये. स्त्रियांना तालीम सहसा खुली नसते. त्यांच्यासाठी बचत गटाची बैठक, शाळेचे पटांगण किंवा भजनी मंडळ अशी वेगळी स्थाने शोधावी लागतात.

‘प्रवर्धन’ हे चारांपैकी शेवटचे अंग होय. कामगार अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा आपल्याच पाळीतील सहकाऱ्याचे ऐकतो. ‘हृदयविकार टळेल’ या दूरच्या आश्वासनापेक्षा ‘कंबर दुखायची थांबेल’, ‘झोप लागेल’, ‘नातवंडांबरोबर चालता येईल’ हे लाभ त्याला जवळचे वाटतात. जालन्यातील परप्रांतीय कामगारांसाठी संदेश हिंदीत असावा लागतो, एवढी साधी बाबही मोहिमांत पुष्कळदा सुटते.

अन्य देशांतील अनुभव : कॅनडात १९७१ मध्ये ‘पार्टिसिपॅक्शन’ ही संस्था स्थापन झाली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९७५ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत दूरचित्रवाणीसमोर बसून राहणाऱ्या ‘नॉर्म’ या लठ्ठ पात्राद्वारे विनोदाने संदेश देण्यात आला. या मोहिमा अतिशय प्रसिद्ध झाल्या. परंतु प्रसिद्धी आणि वर्तनबदल या भिन्न गोष्टी आहेत. स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल संघांच्या मैदानांवर जाड पुरुष चाहत्यांसाठी १२ आठवड्यांचा कार्यक्रम योजण्यात आला. वजन घटविण्याच्या वर्गाला जाण्यास संकोचणारे पुरुष आपल्या आवडत्या संघाच्या मैदानावर मात्र आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीनुसार, वर्षभरानंतर त्यांचे वजन तुलनेच्या गटापेक्षा सरासरी सु. ५ किग्रॅ.ने अधिक घटले होते. महाराष्ट्रातील कबड्डीचे संघ व तालमी यांना जोडून अशी रचना करणे शक्य आहे. भारतात २०१५ पासून २१ जून रोजी आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो व २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ चळवळीचा आरंभ झाला. दोन्ही उपक्रम सर्व जनतेला उद्देशून आहेत. पाळीत काम करणाऱ्यापर्यंत ते पोहोचण्यासाठी त्यांना कारखान्याच्या फाटकाजवळ व पाळीच्या वेळेनुसार आणावे लागते.

मूल्यमापन व मर्यादा : मोहिमेचे यश वाटलेली पत्रके किंवा उद्‌घाटनाची उपस्थिती यांवरून मोजता येत नाही. सहा महिन्यांनी व वर्षाने किती जण ते वर्तन टिकवून आहेत, रक्तदाब व कंबरदुखीच्या तक्रारी यांत काय फरक पडला, आणि कोणता गट मुळीच आला नाही, हे पाहावे लागते. यांपैकी शेवटचा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

सामाजिक विपणनावरील प्रमुख आक्षेप असा की, ते आरोग्याची जबाबदारी व्यक्तीवर ढकलते. श्रमिकांच्या बाबतीत हा आक्षेप गंभीर आहे. वेतन अपुरे, पाळी लांब व काम अनिश्चित ठेवून कामगाराला चालण्याचे महत्त्व पटवीत बसणे हे विपणनाच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. कारण त्यात किमतीचा विचारच केलेला नसतो. कामगार व्यायाम नाकारतो तेव्हा बहुधा तो आरोग्य नाकारीत नाही, न परवडणारी किंमत नाकारतो. ती कमी करण्याचे काम काही अंशी प्रचारकाचे, परंतु मुख्यतः मालक व शासन यांचे आहे. महाराष्ट्रातील कामगारांच्या व्यायामाच्या इतिहासात १८९० च्या रविवारच्या सुटीला म्हणूनच व्यायामशाळांच्या आधीचे स्थान द्यावे लागते.